अडेनोमायोसिस आणि एंडोमेट्रिओसिस एकच का? गर्भाची पिशवी काढली की दोन्ही बरे होतात का?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, एक मुलगी, पाळीत असह्य दुखतं, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'बल्की युटरस (म्हणजे मोठी झालेली पिशवी), ? अडेनोमायोसिस' असं आलंय, डॉक्टर पिशवी काढून टाका म्हणतायत, आणि मैत्रिणीला एंडोमेट्रिओसिस आहे तर हे दोन्ही एकच का.

एकच नाहीत. आणि पिशवी काढल्यावर दोन्ही बरे होतात हेही खरं नाही. पहिला बहुतेक बरा होतो. दुसरा त्याने बरा होईल याची खात्री नसते, कारण तो मुळात पिशवीच्या बाहेर असतो. हे मी छातीठोक सांगते, कारण माझी पिशवी २०१४ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी काढली आणि माझं दुखणं तिथेच राहिलं. आमच्याच घरात माझ्या थोरल्या जावेची पिशवी २०१२ ला काढली आणि ती त्या दिवसापासून ठणठणीत आहे. एकाच घरातल्या दोन बायका, एकच ऑपरेशन, आणि दोघींचं निघालं वेगळं. त्यावरून आमच्यात जे झालं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

आधी फरक. मी कर्नाटकात संकेश्वरला शिवणकाम करते, त्यामुळे मला जसा समजला तसा सांगते. पिशवीला आतून अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं आणि गर्भ राहिला नाही की सुटून पडतं, ती पाळी. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारखेच तुकडे पिशवीच्या बाहेर, पोटात कुठेकुठे चिकटून बसलेले असतात. ओव्हरीवर (म्हणजे बीजकोशावर), नळ्यांवर, पिशवीच्या मागे जिथे संडासची आतडी टेकते तिथे, कधी लघवीच्या पिशवीवर. महिन्याच्या हार्मोनने तेही सुजतात, त्यातून रक्त सुटतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग तिथे दाह होतो, जाळी धरते, एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. ओव्हरीत हे रक्त साठून काळपट घट्ट झालं की त्याला चॉकलेट सिस्ट म्हणतात.

अडेनोमायोसिसमध्ये अस्तर बाहेर कुठे गेलेलं नसतं. ते पिशवीच्याच भिंतीत, स्नायूत आत घुसलेलं असतं. ज्या बाया शिवतात त्यांना लगेच कळेल. साधं अस्तर मी उसवून वेगळं करू शकते. पण चिकट बकरम, म्हणजे कॉलरच्या आत घालायचं कडक कापड, एकदा गरम इस्त्रीने कापडावर बसलं की ते कापडाचंच होतं, ओढायला गेलात तर कापड फाटतं. तसं. त्यामुळे पिशवी सगळीकडून फुगते, जड आणि मऊ होते, आणि पाळीत रक्त फार जातं, गाठी पडतात. काही जणींत हा रोग एकाच जागी गाठीसारखा असतो, तेव्हा तेवढाच भाग काढता येतो. पण पसरलेला असेल तर भिंत आणि रोग वेगळे करता येत नाहीत. म्हणून तिथे पिशवी काढणं हा खरा शेवटचा उपाय असतो, आणि तो लागू पडतो.

आता आमच्याकडे या दोन्हीला एकच नाव आहे, 'पिशवीला सूज'. फायब्रॉइडची गाठ असली तरी पिशवीला सूज. अंगावरून पांढरं जात असलं तरी पिशवीला सूज. मेडिकलवाला, नर्स, शेजारीण, सासू, सगळे हेच म्हणतात, आणि त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : दोन पोरं झाली न्हवं, काढून टाक की. आजार दोन असले तरी नाव एक, म्हणून औषधही एकच. माझं नुकसान या एका शब्दाने केलं.

माझं माहेर गडहिंग्लजकडचं. लग्न होऊन इकडे आले तेव्हा कन्नडचा गंध नव्हता. दुकान टाकल्यावर बाजारापुरतं शिकले, दोरा, बटणं, मीटर, माप, उद्या या. पण दवाखान्यात जे सांगायचं असतं त्याचं कन्नड बाजारात ऐकायला मिळत नाही. पाळी मला पंधराव्या वर्षापासून त्रास देत होती. लग्नानंतर पाच वर्षांनी मुलगा झाला, पुढे दुसरं राहिलंच नाही. तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही की हेही त्याच दुखण्यातलं असू शकतं. २०१४ पर्यंत महिन्यातले चार-पाच दिवस मी मशिनीच्या पायडलवर पाय ठेवू शकत नव्हते.

तेव्हा आम्ही एका मोठ्या गावच्या खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टर कन्नड बोलणारे, मराठी त्यांना जेमतेम. सोबत आमचे हे. डॉक्टरांनी विचारलं काय त्रास. मी ह्यांना म्हटलं, "सांगा त्यांना, पाळीच्या दिवसांत संडासला बसले की आतून सुरी फिरवल्यासारखं होतं. एरवी होत नाही, तेवढेच चार दिवस." ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दारात उभ्या असलेल्या कंपाउंडरकडे बघितलं, आणि डॉक्टरांना म्हणाले, "भाळ होट्टे नोवु ऐत्री, सर." म्हणजे पोट फार दुखतंय, साहेब.

एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं लक्षण त्या टेबलावर पोचलंच नाही. संडासचा विषय परक्या पुरुषापुढे, तोही बायकोचा, ह्यांच्या तोंडून निघाला नाही. मी त्यांना दोष देत बसले नाही, आजही देत नाही, ते माझ्यासाठी पदरचे पैसे मोजायला उभे होते. पण संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं हे तर मी ह्यांनाही धड सांगितलं नव्हतं, मग ते कोण सांगणार? डॉक्टरांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. पोटावरून सोनोग्राफी झाली, पिशवी थोडी मोठी दिसते म्हणाले. मूल झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असूच शकते हे मला चार वर्षांनी कळलं. सूज आहे, काढून टाकू. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या काढ. आणि सगळ्यात जोरात आक्का म्हणाल्या, म्हणजे माझी थोरली जाऊ.

आक्कांचं सांगायलाच हवं, कारण त्यांची केस म्हणजे अडेनोमायोसिस कसा असतो त्याचं चालतंबोलतं उदाहरण. वय ४२, तीन बाळंतपणं, त्यातली दोन सीझर. दुखणं होतंच, पण खरा प्रकार रक्ताचा. पाळी दहा दिवस चालायची, जांभळाएवढ्या गाठी पडायच्या, अंथरुणात खाली प्लास्टिकचा कागद घालून झोपायच्या. पायऱ्या चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन ६.४ निघालं, बाईचं किमान १२ असायला हवं. दोन बाटल्या रक्त चढवून मग ऑपरेशन केलं. पिशवी तीन महिन्यांच्या पोटाएवढी झाली होती. काढली आणि बाई दोन महिन्यांत माळावर भांगलायला गेल्या. त्यांचं ऑपरेशन बरोबरच होतं, मी कधीच नाही म्हटलं नाही. पण तेव्हापासून भावकीत कुणाचंही पोट दुखलं की आक्का त्याच उपायाचं नाव घ्यायच्या. मलाही त्यांच्याकडे बघूनच धीर आला होता.

माझं ऑपरेशन झालं. ओव्हऱ्या ठेवल्या, वय कमी होतं म्हणून, ते योग्यच केलं. पाळी बंद झाली. आणि दुसऱ्या महिन्यात मला तारीख कळली. रक्ताचा थेंब नाही, पण तीच कळ, तीच सुरी, तेच चार दिवस. ओव्हऱ्या चालू असतात, त्यांचं हार्मोन चालू असतं, आणि बाहेर चिकटलेल्या तुकड्यांना तेवढंच पुरतं. हे आज मला माहीत आहे. तेव्हा मला वाटलं मलाच वेड लागलंय.

आक्का एकदा सगळ्यांसमोर, सोप्यात बसून, शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "पिशवीच न्हाई तर दुखतंय काय गं तुझं?"

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्ती हसल्या. ह्यांनी मान खाली घातली. त्यानंतर चार वर्षं मी दुखणं कुणाला सांगितलं नाही. ज्या चार दिवसांत दुखायचं तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढून आत गाद्यांच्या गठ्ठ्यावर पडून राहायची, गिऱ्हाईक आलं तर लाइट गेली म्हणायची. घरात माझं नाव कामचुकार असं पडलं. पिशवी काढलेल्या बाईचं पोट दुखूच शकत नाही, हे आमच्या घरात एखाद्या कायद्यासारखं ठरून गेलं होतं.

२०१८ ला भावाने मला कोल्हापूरला नेलं. रेशनकार्ड कर्नाटकाचं, त्यामुळे महाराष्ट्राची योजना तेव्हा मला लागू नव्हती, सगळा खर्च रोख. माझ्या पाटल्या गहाण पडल्या. (पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं. तुम्ही इकडच्याच असाल तर आपलं गाव यादीत आहे का आणि दवाखाना ते कार्ड घेतो का, हे जायच्या आधी विचारून घ्या.) तिथल्या डॉक्टर मॅडमनी माझं अर्धं बोलणं ऐकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "संडासला बसताना दुखतं? महिन्यातल्या ठरावीक दिवसांतच?"

मराठीत विचारलं. मी उत्तर द्यायच्या आधी रडायला लागले. पंचवीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी केली, एमआरआय केला. डाव्या ओव्हरीवर पाच सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, आणि पिशवी जिथे होती तिच्या मागच्या भागात आतडी चिकटलेली. दुर्बिणीने ऑपरेशन करून सोडवलं, आणि नंतर डायनोजेस्ट नावाची हार्मोनची गोळी, रोज २ मिलिग्रॅम. वजन थोडं वाढलं, पहिले काही महिने चिडचिड व्हायची. पण मी दिवसभर मशिनीवर बसू लागले. मॅडमनी तेव्हा सांगितलं होतं की शंभर वर्षांपूर्वीपर्यंत डॉक्टरही या दोन आजारांना एकाच नावाखाली धरायचे, १९२०च्या दशकात त्यांची वेगळी नावं पडली. तिथे नावं वेगळी होऊन शतक झालं, आमच्या सोप्यात अजून एकच आहे.

मॅडमनी आणखी एक विचारलं, काढलेल्या पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट कुठाय? मला असा काही रिपोर्ट असतो हेच माहीत नव्हतं. घरी येऊन शोधला. लाइटबिलं, रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि मुलाच्या दाखल्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत तो चार वर्षं पडून होता, स्टेपल न काढलेला. मुलगा तेव्हा बारावीला होता, त्याने वाचून दाखवला. भिंतीचं नाव मायोमेट्रियम, आणि पुढे लिहिलं होतं 'अनरिमार्केबल'. म्हणजे काय रे? तो म्हणाला, आई, म्हणजे तिथे सांगण्यासारखं काही सापडलं नाही.

माझ्या पिशवीच्या भिंतीत काहीच नव्हतं. ती चांगली होती.

मी आक्कांच्या सुनेकडून त्यांचाही जुना रिपोर्ट मागून घेतला. दोन्ही कागद कापणीच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, वर कात्री ठेवली उडू नयेत म्हणून. त्यांच्यावर स्पष्ट 'अडेनोमायोसिस', माझ्यावर 'अनरिमार्केबल'. आक्कांना हाक मारून दाखवलं. म्हटलं, "आक्का, बघा. तुमचा रोग पिशवीत होता, पिशवीबरोबर गेला. माझा बाहेर होता, तो आतच राहिला. मी नाटक करत नव्हते." आक्कांनी कागदांकडे बघितलंसुद्धा नाही. "कागदावर काय बी लिवत्यात," म्हणाल्या आणि गेल्या. आज सात वर्षं झाली. त्या माझ्याशी बोलतात, सणाला पुरणपोळ्या एकत्र लाटतो, पण तो विषय नाही.

म्हणून मला राग येतो जेव्हा कुणी म्हणतं, माझं काढल्यावर बरं झालं, तूही काढ. तुमचं बरं झालं ते तुमच्या आजारापुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १९ कोटी मुली-बायकांना एंडोमेट्रिओसिस आहे, पाळीच्या वयातल्या दर दहांतली एक. आमच्या गल्लीतसुद्धा दोन-तीन जणी असणार, आणि त्यांना आत्ता कुणीतरी शेंगा फोडता फोडता हेच सांगत असणार.

आमच्या कारखान्याला हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. एकीचा ब्लाऊज मी शिवला होता, पंचविशीतली असेल, पोटावर आडवा टाका. पिशवी काढली म्हणाली, पाळीत खाडा होतो म्हणून. पुढे २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा ऐकला तेव्हा मला त्या पोरीचं माप आठवलं. तिला खरा आजार तरी कोणता होता, कुणी तपासला असेल का?

आता तुमच्याकडे येते. तुमच्या रिपोर्टवर अडेनोमायोसिसच्या आधी प्रश्नचिन्ह आहे. म्हणजे सोनोग्राफी करणाऱ्याला शंका आहे, खात्री नाही. ती सोनोग्राफी पोटावरून झाली असेल तर आतून करून घ्या, आणि तरी स्पष्ट होत नसेल तर एमआरआय. पूर्वी अडेनोमायोसिस पिशवी काढून तपासल्यावरच कळायचा, आता या दोन तपासण्यांत बऱ्यापैकी दिसतो. एंडोमेट्रिओसिसचं उलट आहे. चॉकलेट सिस्ट दिसते, पण बारीक डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तो नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आत पसारा किती आणि दुखतं किती याचाही मेळ नसतो. थोडेसेच डाग असलेली बाई लोळते, आणि आतडी चिकटलेली एखादी मजेत फिरते.

डॉक्टरांकडे जाताना वहीत लिहून न्या. रक्त किती जातं, गाठी पडतात का, पाळीच्या आधी किती दिवस दुखायला लागतं, संडासला, लघवीला, संबंधाच्या वेळी दुखतं का. रक्त फार आणि पिशवी मोठी, तर अडेनोमायोसिसकडे बोट जातं. संडासचं, संबंधाचं, मूल न राहण्याचं असेल तर एंडोमेट्रिओसिसकडे जास्त. नवऱ्याला सोबत न्या, पण बोलायला नाही. भाषा येत नसेल तर लिहिलेला कागद पुढे करा, किंवा बाईमाणूस सोबत न्या जिला दोन्ही भाषा येतात. आमच्या गल्लीतल्या चौघींबरोबर मी स्वतः गेले आहे. त्यासाठी मी ते सगळं कन्नड शिकून घेतलं, मुट्टु म्हणजे पाळी, गर्भकोश म्हणजे पिशवी, आणि संडासचं वाक्यही, जे ह्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

आणि अडेनोमायोसिसच निघाला तरी ३४ व्या वर्षी ऑपरेशन हा पहिला उपाय नाही. रक्त जाणं कमी करायच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, कॉपर-टीसारखं आत बसवायचं मिरेना आहे, त्यातून रोज थोडं थोडं हार्मोन पिशवीतच सुटतं आणि ते काही वर्षं चालतं. हे सगळं करून बघितल्यावर, आणि आणखी मूल नको हे तुमचं स्वतःचं पक्कं झाल्यावर ऑपरेशनचा विचार करा. तेव्हाही ओव्हऱ्या काढणार की ठेवणार हे आधी विचारा. तरुण वयात दोन्ही काढल्या तर एका रात्रीत पाळी जाण्याचं वय येतं, हाडं ठिसूळ होतात.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या राहिल्या. हे दोन्ही आजार एकाच बाईला एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे माझं आणि आक्कांचं जसं सरळ दोन बाजूंना निघालं तसं तुमचं निघेलच असं नाही. अडेनोमायोसिस फक्त चाळिशीतल्या, तीन बाळंतपणं झालेल्या बाईलाच होतो असंही आता मानत नाहीत. दोन पाळ्यांच्या मधे रक्त जात असेल तर पिशवीच्या अस्तराची तपासणी आधी करून घ्या, तिथे कारण वेगळं असू शकतं. हिमोग्लोबिन आजच बघा, त्याला कुणाच्या सल्ल्याची गरज नाही. आणि मी डॉक्टर नाही, शिवणकाम करते.

ऑपरेशन शेवटी झालंच, तर काढलेली पिशवी तपासणीला गेली का हे विचारा, आणि आठ-दहा दिवसांनी तो रिपोर्ट मागून घ्या. तिथेच काउंटरवर स्टेपल काढून वाचा.